संत्रं आधी मोजा, मग पेटीत भरा: ताज्या फळांच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

आंबिया बहाराचा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास येणारा, माल सुरू झाला की नागपुरात कळमन्याच्या फळबाजारात सकाळी संत्र्यांच्या ढिगांमधून वाट काढावी लागते. व्यापारी ढिगाजवळ येतो, दोन-चार फळं उचलतो, एक दाबून बघतो, एक सोलून फोड तोंडात टाकतो आणि बोली लावतो. त्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते आणि बहुतेक वेळा तो हात बरोबरच सांगतो. पण तेच फळ दुबईला किंवा रॉटरडॅमला जाणार असेल तर तिथे बसलेल्या माणसाला हा हात दिसत नाही, फोडही चाखता येत नाही. त्याला आकडा हवा असतो: व्यास किती, रस किती, आंबटगोडाचं प्रमाण किती, औषधाचा अंश किती. अनुभवी हाताला जे कळतं ते परक्या माणसालाही पटेल अशा भाषेत लिहिलं की त्याला मानक म्हणतात.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, वरुड, मोर्शी या पट्ट्यातली कृषी पदवी घेतलेली बरीच मुलं-मुली आता शेतकरी उत्पादक कंपन्यांत आणि पॅकहाउसमध्ये कामाला लागली आहेत. काही जण घरचाच बगीचा घेऊन निर्यातीच्या वाटेला लागले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मानक ही वरून आलेली आज्ञा आहे असं समजून कामाला लागू नका, एवढं मात्र आधीच सांगतो. ती माणसांनी टेबलाभोवती बसून, एकेका शब्दावर वाद घालून लिहिलेली असतात. ज्यांनी आपल्या फळाची मापं टेबलावर ठेवली, त्यांच्या फळाला ती मानकं बसतात.

सुरुवात नावापासून

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आपण नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतो, पाटीवर ऑरेंज लिहितो, म्हणून तो कोडेक्सचं, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संघटनेचं, ऑरेंजचं मानक उघडतो आणि पाठ करायला बसतो. ते मानक २००४ सालचं आहे, त्याचा क्रमांक २४५. पण ते ज्या फळासाठी लिहिलं आहे ते सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे आपल्या मोसंबीच्या कुळातलं घट्ट सालीचं फळ. आपलं संत्रं सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिन. दोन्हींची मापं वेगळी आहेत. त्या मानकातला किमान व्यास धरून चाळणी लावली तर चांगला माल उगाच बाजूला पडेल.

मँडरिनची मापं सापडतात संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या लिंबूवर्गीय फळांच्या मानकात. त्याचा क्रमांक एफएफव्ही-१४. हे काम जिनिव्हात चालतं आणि त्या बैठकांत युरोपबाहेरचे देशही भाग घेतात. सीमाशुल्काच्या कागदावरही हाच फरक आहे: ऑरेंजचा एचएस कोड ०८०५१० ने सुरू होतो, मँडरिनचा ०८०५२१ ने. कागदावर एक आणि पेटीत दुसरं अशी गाडी बंदरावर अडकली तर दोष फळाचा नसतो.

आणखी एक गोष्ट लगेच स्पष्ट करून घ्या. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ते मानांकन नावाचं रक्षण करतं, मूळ कुठलं ते सांगतं. पेटीतला माल कोणत्या वर्गाचा आहे, त्यात औषधाचा अंश किती आहे, हे ते सांगत नाही. ‘आमचं जीआय आहे’ हे वाक्य गुणवत्तेच्या प्रश्नाला उत्तर म्हणून देऊ नका.

चार फायली वेगळ्या करा

ऑफिसात बसाल तेव्हा खरोखरच चार फायली करा, कारण चारही विषयांचे मालक वेगळे आहेत.

पहिली गुणवत्तेची: आकार, रंग, डाग, रस. इथे कोडेक्स, जिनिव्हाचं मानक आणि आपल्याकडे ॲगमार्क, म्हणजे शेतमालाच्या प्रतवारीचा सरकारी शिक्का. ॲगमार्कच्या मागे १९३७ चा कायदा आहे, आणि फळं-भाज्यांच्या प्रतवारीचे नियम २००४ चे.

दुसरी सुरक्षिततेची: कीडनाशकांचे अंश, जड धातू, जंतू. आपल्याकडे ही जबाबदारी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, २००६ च्या कायद्यानुसार.

तिसरी फाइल पीक-आरोग्याची: फळमाशी, आणि खैऱ्या, काळे ठिपके यांसारखे झाडाचे रोग. फळ खाणाऱ्याला यानं काही होत नाही, पण समोरच्या देशातल्या बागा धोक्यात येतात, म्हणून फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. २०१४ च्या १ मेपासून युरोपीय संघानं भारतीय आंबा बंद केला तो याच फाइलमुळे. खेपांमध्ये फळमाशी सापडली होती. आंब्याची चव आणि रंग जगात नावाजलेले, तरी दार बंद झालं ते २०१५ च्या जानेवारीत उघडेपर्यंत. लाकडी पॅलेटसुद्धा याच फाइलमध्ये येतात. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं हवं आणि तसा शिक्का हवा.

चौथी खरेदीदाराची. ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं खाजगी प्रमाणपत्र, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९७ मध्ये युरोपातल्या किरकोळ विक्री साखळ्यांनी युरेपगॅप या नावानं ते सुरू केलं आणि २००७ मध्ये नाव बदललं. हा सरकारी कायदा नाही. कायद्यानं माल जाईल, पण दुकानदार घेणार नाही, असं या फाइलमध्ये घडतं. प्रमाणपत्र मिळालेल्या शेतकऱ्याला किंवा गटाला १३ अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक दुसऱ्याच्या मालावर लावणं ही फसवणूक आहे. बाजारात असं सुचवणारे भेटतील, त्यांना पहिल्याच दिवशी नाही म्हणा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलला जागतिक व्यापार संघटनेचा आधार आहे. १९९५ पासून लागू असलेल्या तिच्या अन्नसुरक्षा आणि वनस्पती-आरोग्याविषयीच्या करारात अन्नसुरक्षेसाठी कोडेक्स आणि वनस्पती-आरोग्यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार यांना प्रमाण मानलं आहे. एखाद्या देशाला त्याहून कडक नियम लावायचा असेल तर शास्त्रीय कारण द्यावं लागतं. आपला माल अडला की आपले अधिकारी याच कलमाचा आधार घेऊन वाद घालतात.

मानक वाचायचं कसं

मानकाचा सांगाडा सगळीकडे सारखाच असतो: फळाची व्याख्या, किमान अटी, पक्वता, वर्ग, आकार, सवलत, मांडणी, लेबल. एक नीट वाचलंत की डाळिंबाचं, केळीचं, द्राक्षाचं वाचायला वेळ लागत नाही.

किमान अटी प्रत्येक फळाला लागू: अखंड, निरोगी, स्वच्छ, कीडमुक्त, न सुरकुतलेलं, बाहेरून ओलं नसलेलं, परका वास किंवा चव नसलेलं. परक्या वासाची अट नवी मंडळी हसण्यावारी नेतात. ज्या गाडीतून आदल्या दिवशी कांदा किंवा डिझेलचे डबे गेले, त्याच गाडीत संत्री भरा आणि दुसऱ्या दिवशी साल हुंगून बघा.

वर्ग तीन: एक्स्ट्रा, पहिला, दुसरा. यातला खरा महत्त्वाचा शब्द आहे सवलत. फळ कारखान्यात बनत नाही, त्यामुळे प्रत्येक पेटीत थोडं इकडेतिकडे चालतं, पण किती चालतं ते लिहिलेलं असतं. जिनिव्हाच्या मानकात एक्स्ट्रा वर्गाला ५ टक्के आणि पहिल्या-दुसऱ्या वर्गाला १० टक्के सवलत आहे. समजा पहिल्या वर्गाच्या मालातून तपासनिसानं २०० फळं काढली. त्यातली २० फळं दुसऱ्या वर्गाची निघाली तरी चालतील. पण त्या वीसमध्ये सडलेली किंवा किमान अटीत न बसणारी फळं २ पेक्षा जास्त निघाली तर लॉट नापास. दुसऱ्या वर्गात ही सडीची मर्यादा २ टक्के आहे. आणि लक्षात ठेवा, तुम्ही भरलंत त्या दिवशीची फळं कोणी मोजत नाही. माल उतरला त्या दिवशीची मोजतात.

मँडरिनसाठी किमान व्यास ४५ मिलिमीटर, रस वजनाच्या किमान ३३ टक्के, साखर आणि आम्ल यांचं प्रमाण किमान ७.५ ला १, आणि सालीच्या निदान एक तृतीयांश भागावर त्या वाणाचा रंग. हे चार आकडे पाठच करा.

आता फळ हातात घ्या

या कामाचा सगळा पाया इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

लागतं काय? व्यास बघायच्या कड्यांचा संच, स्वयंपाकघरातला वजनकाटा, हातानं चालणारं रसयंत्र, बारीक गाळणी, रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, आणि आम्ल मोजायला ब्युरेट (मापाच्या खुणांची तोटीवाली नळी), ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा निर्देशक. द्रावण तयार विकत घ्या, हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा.

बगीच्यात एका झाडाचीच फळं तोडून आणू नका. बागेतून इंग्रजी झेडसारखं चालत जा, झाडाच्या चारही बाजूंनी, वरची-खालची, उन्हातली-सावलीतली अशी फळं घ्या. उन्हाच्या बाजूचं फळ आणि आतल्या फांदीचं फळ यांच्या गोडीत फरक पडतो.

कड्यातून फळ पाहताना त्याचा देठ वर धरा आणि सगळ्यात रुंद कंबरेशी माप घ्या. आपल्या संत्र्याला देठाशी पुष्कळदा मान असते, त्यामुळे आडवं धरलं की चुकीचं माप येतं. ४५ च्या कड्यातून आरपार पडलं ते आपल्या भाषेत चुरी. नीट वाढलेल्या बागेचं संत्रं या कड्यात अडतंच. आपल्याला छळतो तो एकाच पेटीतला लहान-मोठा माल.

मग दहा फळं वजन करा. समजा १३०० ग्रॅम भरली. आडवी कापून रस काढा, गाळा, वजन करा. ५२० ग्रॅम आला तर रस ४० टक्के. त्यातला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवा आणि उजेडाकडे धरून रेघ वाचा. समजा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, १०.२ आलं. आता १० मिलिलिटर रस फ्लास्कमध्ये घ्या, निर्देशकाचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडत राहा. रस केशरी असल्यामुळे गुलाबी छटा पटकन डोळ्यांत भरत नाही. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा आणि रसात थोडं ऊर्ध्वपातित पाणी मिसळा. छटा टिकली की थांबा. समजा ९.५ मिलिलिटर लागलं. त्याला ०.०६४ नं गुणलं की आम्ल आलं ०.६०८ टक्के. १०.२ भागिले ०.६०८ म्हणजे साधारण १६.८. मानकात मागितलंय ७.५. आपलं फळ पासच नाही, त्याच्या दुपटीच्या वर आहे.

हे गणित पहिल्यांदा स्वतःच्या हातानं करून बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. लहानपणापासून ‘आमचं संत्रं गोड’ म्हणत आलो होतो, पण ते किती गोड आणि कशाच्या तुलनेत, हे कधी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि इथेच रंगाचा प्रश्न समोर येतो. आंबियाची फळं ऑक्टोबरात आतून गोड झालेली असतात, पण नागपुरात तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात, म्हणून सालीतलं हरितद्रव्य जात नाही आणि फळ हिरवटच दिसतं. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, माल थंडीतून गेलेला असतो, त्याची साल सुरेख रंगते. जिथे हिवाळी रात्री थंड असतात अशा देशांत रंग आणि गोडी हातात हात घालून येतात, म्हणून तिथले लोक रंगाला पक्वतेची खूण मानतात. आपल्याकडे आंबियात ही खूण फसवते. इथिलीन देऊन हिरवेपणा घालवायला मानकात परवानगी आहे, अट एवढीच की फळ आधीच पक्व असावं आणि चवीत-वासात बदल होऊ नये. कच्चं फळ रंगवणं त्यात बसत नाही. संत्रं झाडावरून काढल्यावर आंब्यासारखं पिकून गोड होत नाही. आणि कॅल्शियम कार्बाइडला तर आपल्या कायद्यातच बंदी आहे.

म्हणून दर आठ दिवसांनी, निदान सप्टेंबरच्या शेवटापासून, त्याच बागेतली फळं मोजून वहीत लिहा: तारीख, झाडाचं वय, कलमाचा खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, व्यास, रस, ब्रिक्स, आम्ल, रंगाचा भाग. वही जपून ठेवा. पुढे तिचं मोठं काम आहे.

औषधाचा अंश

एमआरएल म्हणजे अंशाची कमाल मर्यादा. ती विषाची सीमा आहे असं पुष्कळांना वाटतं. लेबलप्रमाणे फवारणी केल्यावर फळात जास्तीत जास्त किती अंश राहतो हे शेतावरच्या चाचण्यांतून मोजतात, तो खाणाऱ्याला सुरक्षित आहे का हे तपासतात आणि मग आकडा ठरतो. कोडेक्ससाठी ही तपासणी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ बैठक करते.

एखाद्या औषधाला त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरलेलीच नसेल तर युरोपात सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. हा आकडा डोळ्यांसमोर आणा. दहा टनांच्या गाडीत सगळं मिळून १०० मिलिग्रॅम. तापाची ५०० मिलिग्रॅमची गोळी असते, तिचा पाचवा भाग. फवारणीच्या पंपात आदल्या पिकाचं औषध राहिलं असेल, शेजारच्या कपाशीवरून वारा इकडे आला असेल, तर तेवढ्यानंही माल नापास होऊ शकतो. क्लोरपायरीफॉस हे आपल्या शेतकऱ्याच्या अगदी ओळखीचं औषध. २०२० मध्ये युरोपानं त्याची मान्यता काढली आणि त्याच वर्षी मर्यादा ०.०१ वर आणली. ज्यानं ही बातमी वाचली नाही त्याचा माल चांगला असूनही अडला असता. द्राक्षवाल्यांनी २०१० मध्ये हे भोगलं आहे. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे त्या वर्षी भारतीय द्राक्षं युरोपात नाकारली गेली.

लिंबूवर्गीय फळ प्रयोगशाळेत सालीसकट दळतात, हेही शेतकऱ्याला सांगा. ‘साल तर फेकूनच देतो आपण’ हे उत्तर तिथे चालत नाही. प्रयोगशाळेसाठी नमुना निदान एक किलोचा आणि निदान दहा फळांचा हवा, आणि तो संपूर्ण लॉटमधून ठिकठिकाणाहून घेतलेला हवा. प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेची आहे का हे बघताना एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला हव्या त्या औषधाची चाचणी तिच्या मान्यतेत आहे का, हे विचारा.

बाकी काम बांधावरचं आहे: लेबल क्लेम असलेलंच, म्हणजे त्या पिकासाठी लेबलवर नोंद असलेलंच, औषध, शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस पाळणं, आणि फवारणीची नोंद त्याच दिवशी. आठवड्यानं आठवून लिहिलेली नोंद तपासणारा माणूस शाई बघूनच ओळखतो.

जंतूंचा विषय आपल्याकडे मागे पडतो, कारण संत्रं सोलून खातात. पण सोलणारा हात सालीला लागतो आणि तोच हात फोडीला. कोडेक्सची ताज्या फळभाज्यांची स्वच्छता संहिता २००३ ची आहे, ती वाचा. बगीच्यात तोडणीच्या बायाबापड्यांसाठी संडास आणि हात धुवायला साबण-पाणी ठेवलं का, हा तिच्यातला साधा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीचे कागद कितीही चकचकीत असले तरी मला त्यांचं कौतुक वाटत नाही. जे लोक आपलं फळ तोडतात त्यांना आडोसा शोधावा लागू नये, एवढं तरी निर्यातीच्या आधी झालं पाहिजे.

तोडणी, पॅकहाउस, लेबल

एकदा आम्हाला खरेदीदाराकडून फोटो आले. पेटीतल्या काही संत्र्यांवर बरोबर देठाभोवती निळसर-हिरवी बुरशी. मी आधी पॅकहाउसला दोष दिला, धुण्याचं पाणी बदललं, मेणाचा लेप तपासला. चार दिवसांनी बगीच्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा कारण दिसलं: फळ हातानं ओढून तोडत होते. संत्र्याची साल सैल, त्यामुळे ओढताना देठाशी सालीचा नाण्याएवढा तुकडा उचकटतो, आणि पेनिसिलियम बुरशीला तेवढं दार पुरतं. मी कात्री वापरा म्हटलं तर तोडणीच्या टोळीतले काका म्हणाले, “भाऊ, कात्रीनं तोडाले बसलो तं दिवसाचं काम दोन दिवस पुरते.” त्यांचं खरं होतं. मजुरी नगावर होती. मग आम्ही निर्यातीच्या मालाची मजुरी रोजावर केली, बोथट टोकाच्या कात्र्या दिल्या, देठ फळाच्या अगदी लगत कापायला सांगितलं म्हणजे तो पेटीत शेजारच्या फळाला टोचत नाही. मानकातलं ‘अखंड’ हे एक विशेषण शेवटी मजुरीच्या हिशोबापाशी येऊन थांबतं.

दव उतरल्याशिवाय तोडू नका. पोत्यात किंवा ट्रॉलीत मोकळं भरू नका, क्रेट वापरा. हौदाच्या पाण्यात एक सडकं फळ पडलं तर त्याचे बीजाणू सगळ्यांना चिकटतात, म्हणून सडकं फळ हौदाआधीच बाजूला काढा. शीतगृहात नागपूर संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सिअस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. सफरचंदाच्या तापमानात ठेवलं तर सालीवर थंडीचे डाग पडतात.

लेबलवर फळाचं नाव, वाण, वर्ग, आकार, मूळ देश, पाठवणाऱ्याचा पत्ता हवा, आणि तोडणीनंतर बुरशीनाशक लावलं असेल तर तेही लिहावं लागतं. लॉट क्रमांक असा ठेवा की त्यावरून बाग, तोडणीची तारीख आणि फवारणीची वही सापडेल. अपेडा या शेतमाल-निर्यातीच्या केंद्रीय संस्थेनं द्राक्षासाठी ग्रेपनेट ही मालाचा बागेपर्यंत माग काढायची ऑनलाइन नोंदव्यवस्था सुरू केली, त्याच धर्तीवर लिंबूवर्गीय फळांसाठी सिट्रसनेट आहे. तिथे बागेची नोंदणी करून घ्या. महिन्यातून एकदा कोणतीही एक पेटी उचला आणि घड्याळ लावून तिची बाग शोधा. दोन तासांत सापडली नाही तर साखळीत कुठेतरी कडी तुटली आहे.

मग मानक घडवायला बसा

आता ती वही काढा. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५ पासून याच फळांवर काम करते. ॲगमार्क चालवणाऱ्या विपणन व तपासणी संचालनालयाचं शाखा मुख्यालय आणि केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा, दोन्ही नागपुरातच आहेत. मुंबई-पुण्याच्या माणसाला ज्या दारांसाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं, ती आपल्याला दुचाकीवर गाठता येतात. त्यांच्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, तक्ता घेऊन जा.

कोडेक्सची स्थापना १९६३ ची, भारत १९६४ पासून सदस्य. ताज्या फळभाज्यांच्या समितीचं यजमानपद मेक्सिकोकडे आहे. नवं मानक आठ पायऱ्यांतून जातं. पहिल्या पायरीवर काम हाती घ्यायचं की नाही ते ठरतं, मसुदा लिहिला जातो, तिसऱ्या आणि पुन्हा सहाव्या पायरीवर सगळ्या देशांकडून अभिप्राय मागवतात, आठव्या पायरीवर मान्यता. भारताचे अभिप्राय दिल्लीतल्या एफएसएसएआयमधल्या राष्ट्रीय कोडेक्स संपर्क केंद्रामार्फत जातात. त्या त्या विषयाच्या छाया समित्या आहेत, त्यांत संशोधक असतात, उद्योगातली माणसं असतात. तिथपर्यंत पोचायचं असेल तर संशोधन संस्थेबरोबर किंवा उत्पादक कंपन्यांच्या एखाद्या संघामार्फत लेखी अभिप्राय द्या. दुसरे देश आपले नियम बदलतात तेव्हा जागतिक व्यापार संघटनेला कळवतात आणि साधारण ६० दिवस अभिप्रायासाठी देतात. त्या सूचना मोबाईलवर मिळण्याची सोय ईपिंग या संकेतस्थळावर आहे, फुकट. पीक आणि देश निवडून नाव नोंदवा.

अभिप्राय कसा लिहावा? कलमाचा क्रमांक, आताचा मजकूर, आपण सुचवतो तो मजकूर, कारण. कारणात भावना नको, मोजमाप हवं. ‘नागपूरचं संत्रं जगात उत्तम, म्हणून रंगाची अट शिथिल करावी’ हे वाक्य कोणी पुढे नेणार नाही. ‘दोन हंगाम, तीन तालुके, इतक्या बागा, दर आठवड्याला दहा फळं. हरित रंग दोन तृतीयांशाहून जास्त असतानाही रस आणि साखर-आम्ल प्रमाण किमान अटीच्या वर होतं, सोबत तक्ता जोडला आहे’ असं लिहिलंत तर समितीतला स्पेनचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा तज्ज्ञही तक्ता उघडून बघेल. त्यांचीही फळं आहेत, त्यांचेही शेतकरी आहेत, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील. एका हंगामाचे आकडे पुरत नाहीत, कारण पाऊस आणि थंडी दर वर्षी वेगळी. म्हणून वही आज सुरू करायची.

बागायतदार मंडळींना या कामात सुरुवातीपासून घ्या. मापं घ्यायला त्यांच्याच मुलांना शिकवा, कडी त्यांच्याच हातात द्या. ज्या बागेत एकदा ही कडी फिरली तिथला शेतकरी व्यापाऱ्याशी बोलताना ‘माल चांगला आहे’ एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, साठच्या वरचा माल इतका आहे, रस चाळीस टक्के आहे, वही बघा.

पुढच्या आंबियाची मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करायची असेल तर कड्यांचा संच आणि रिफ्रॅक्टोमीटर ऑगस्टमध्येच मागवून ठेवा, आणि रिफ्रॅक्टोमीटर पहिल्यांदा वापरण्याआधी ऊर्ध्वपातित पाण्यानं शून्यावर आणायला विसरू नका.